कुंकू लावलेला सीपीयू

जळोचीच्या राजेश्वरीनं आजवर ढिगानं कॉम्प्युटर दुरुस्त केले, पण माहेरच्या, निरवांगीच्या शाळेतले कॉम्प्युटर बघून ती बिचकली. त्यांवर लिनक्स होतं आणि हिचा सगळा संसार विंडोजचा. इथं सी नाही, डी नाही. डिस्कची नावंसुद्धा परकी. फोनवर बघत ती एकेक पायरी सरकत होती. हो कशाला म्हटलं, असं सारखं मनात येत होतं.

हो म्हटलं होतं ते दीपक गुरुजींसाठी. तिला वाचायला त्यांनीच शिकवलं. पोरांसाठी त्यांनी गोष्टी वाचून एका कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवल्या होत्या. पुढं घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता तो तेवढ्या एका डिस्कवर उरला होता. पेनड्राइव्हवर घ्यावा म्हटलं, तर मशीन पेनड्राइव्हला ओळखच देईना.

बाकीचे कॉम्प्युटर पुसून कोरे करून झाले होते. आता गुरुजींच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत त्यांच्यावर चढवायची. उलटं झालं, तर कोरी डिस्क त्या आवाजावर चढणार. घोटाळा नको म्हणून राजेश्वरीनं सरस्वतीच्या फोटोपुढचं कुंकू घेतलं, गुरुजींच्या सीपीयूला बोट लावलं आणि ती जेवायला गेली.

परत आल्यावर तिनं कुंकवाचा सीपीयू ओढला, शेजारचा त्याला जोडला. एंटरवर बोट ठेवलं, तोच मागं बसून बघणाऱ्या गुरुजींनी बाकावर डस्टर आपटला. ते शेजारच्या सीपीयूकडं बोट दाखवत होते. त्यालाही कुंकू होतं. पलीकडच्यालाही. सगळ्यांनाच.

शाळा झाडणाऱ्या झुंबरमावशी दारातच होत्या. "झाडताना हलवलं म्या. एकालाच कुंकू दिसलं. म्हणलं, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

हसावं की रडावं, राजेश्वरीला कळेना. तिनं एकेक सीपीयू चालू करून बघितला. ओढून घेतलेला तर कोराच निघाला. गुरुजी सापडले खिडकीजवळच्या सीपीयूत.

संध्याकाळी सगळ्यांवर प्रत चढवून झाल्यावर तिनं सगळे कॉम्प्युटर लावले. खोलीभर एकच गोष्ट सुरू झाली. गुरुजी मधोमध उभे होते, आणि शब्दाशब्दाला त्यांचे ओठ हलत होते. राजेश्वरीचे डोळे भरून आले.

झुंबरमावशींनी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं धरला.

"बास करा, गुर्जी," त्या म्हणाल्या. "समद्यास्नी ऐकू येतंय. आता घसा ताणू नका."