मर्टनला न पोचलेले निरोप

मर्टन व्हीलर आमच्या गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढतो आणि मी गावकचेरीत बसून त्याच्याविरुद्धच्या तक्रारी लिहून घेते. एकोणीस वर्षं आमचा दोघांचा हा संसार चाललाय, असं मी त्याच्या बायकोसमोरही म्हणायचे. आयडा खळखळून हसायची. मर्टन नाही. मर्टनच्या ओठांचे कोपरे वर उचलायला ट्रकचा जॅक लागेल, असं आमच्याकडे म्हणतात.

व्हर्मॉन्टच्या या वरच्या टोकाला नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मर्टन नसेल तर माणूस घरात कोंडून पडेल. तरी त्याच्यावर सगळ्यांचा राग, आणि त्याला कारण बांध. फाळ लावलेला ट्रक रस्ता साफ करत जातो, तेव्हा बाजूला सरकलेला बर्फ प्रत्येकाच्या दाराच्या वाटेवर आडवा पडतो. तुम्ही तासभर घाम गाळून वाट मोकळी करावी, चहाचं पाणी ठेवावं, आणि मर्टनने येऊन गुडघाभर बांध घालून जावं. रस्त्याच्या डावीकडची घरं म्हणतात, तो मुद्दाम आमच्याकडे लोटतो. उजवीकडची घरंही अगदी हेच म्हणतात. दोन्हीकडचे फोन मला.

प्रत्येक फोनची मी चिठ्ठी करायचे आणि गॅरेजच्या दारातल्या खिळ्याला अडकवायचे. 'हिल रोड, बांध फार मोठा.' 'थेल्मा कॉब, टपालपेटी पुन्हा वाकली.' मर्टन पहाटे चिठ्ठ्या वाचायचा, घडी करून खिशात घालायचा आणि निघून जायचा. कधी एका शब्दाने उलटून बोलला नाही. त्यामुळे तो शिष्ट आहे यावर गावाचं एकमत होतं. मार्चमधल्या गावसभेला सगळे सभागृहात बसून गुळचट शिजवलेल्या घेवड्याचं आणि हॅमचं जेवण करतात, तर हा बाहेर ट्रकमध्ये बसून आपला डबा खायचा.

यंदा जानेवारीत आयडा गेली, आणि ते आम्हाला पेपरमध्ये वाचून कळलं. चर्चच्या बायकांनी केकची पिठं चाळून ठेवली, कोणी काय करायचं ते वाटून घेतलं, आणि मर्टनचा निरोप आला की प्रार्थना वगैरे काही नाही. आमच्याकडे थंडीत जमीन दगडासारखी होते, त्यामुळे हिवाळ्यात गेलेली माणसं दफनभूमीतल्या दगडी खोलीत मे महिन्याची वाट बघत थांबतात. आयडाही तिथेच होती. नव्वदीच्या थेल्माबाई मला फोनवर म्हणाल्या, "आम्ही काय तिला खाऊन टाकणार होतो?" मलाही फार लागलं होतं. दर सप्टेंबरला आयडा आणि मी एका चुलीवर काकडीचं लोणचं घालायचो. मी मर्टनशी बोलणं टाकलं. फक्त चिठ्ठ्या चालू ठेवल्या.

फेब्रुवारी संपता संपता तो कचेरीत आला आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. गावसभेत रस्त्यांच्या कामासाठी दरवर्षी नाव निवडतात, त्यात यंदा माझं नाव घेऊ नका, असं लिहिलं होतं. मे महिन्यात आयडाची बहीण येईल, दोघं मिळून आयडाला जमिनीत ठेवतील आणि मग तो भावाकडे ओहायोला राहायला जाईल. माझा तोल गेला. म्हटलं, "निदान तेव्हा तरी गावाला बोलावशील का?"

"कोण येणार, लॉईस?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. पण त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक जाडजूड वही काढली. तिच्यात माझ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, रस्त्यांप्रमाणे लावून. घरी अशा आणखी बऱ्याच वह्या आहेत, म्हणाला.

"हे गाव मला काय समजतं, ते यात आहे. रिकाम्या खुर्च्यांपुढे तिला ठेवायचं नव्हतं मला. तिने काय वाईट केलं होतं?"

मी पानं उलटली. सगळीकडे माझंच अक्षर. त्याच्या बाजूला त्याने पेन्सिलने लिहिलेलं: 'कॉबकडे फाळ उचलून घेणे.' 'मंगळवारी ऑक्सिजनची गाडी येते, त्याआधी इथली वाट काढणे.' ज्याला मी शिष्ट समजत होते तो माणूस एकेका घराचा विचार करत पहाटे हिंडत होता.

आणि मग मला ते आठवायला लागलं. टपालपेटीची तक्रार करताना थेल्माबाई एकदा म्हणाल्या होत्या, वादळात ॲम्ब्युलन्सपुढे फाळ चालवत मर्टन थेट इस्पितळापर्यंत गेला म्हणून माझा नवरा हॅरॉल्ड आणखी चार वर्षं जगला, त्याला सांग हो. मी सांगते म्हटलं आणि लिहिलं, 'टपालपेटी वाकली.' कारण चिठ्ठी कामाची असते. आभारात करण्यासारखं काम काय? असे फोन काही थोडेथोडके नव्हते. मी ते ऐकत होते, हं हं म्हणत होते, आणि माझ्या नीटनेटकेपणाने ते गाळून टाकत होते. या माणसाला एकोणीस वर्षं मी गावाचा फक्त राग पोचवला होता. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, वही खिशात घातली आणि म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून तू हे बोलतेस. त्याचंही बरोबर होतं. लेखी पुरावा सगळा उलट बाजूचा.

गावसभेत रस्त्यांचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे तासभर तक्रारी झाल्या. मर्टन मागे दाराशी उभा होता. बघितलंस ना, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी नाव विचारलं, कोणीतरी मर्टनचं घेतलं, आणि तो म्हणाला, माझं नको. सभेत कारकुनाने लिहायचं असतं, बोलायचं नसतं. मी पेन खाली ठेवलं आणि उभी राहिले.

"तुम्ही फोनवर मर्टनसाठी जे जे सांगितलंत, त्यातल्या तक्रारी तेवढ्या मी त्याला लिहून दिल्या. बाकीचं काही पोचवलं नाही. चूक माझी आहे. ज्याचा निरोप राहिला असेल त्याने आता स्वतः द्यावा."

कोणी हललं नाही. आमच्याकडच्या माणसाला दुसऱ्याची तोंडावर स्तुती करण्यापेक्षा अनवाणी बर्फात चालणं सोपं वाटतं. मी उभीच राहिले. शेवटी थेल्माबाई काठी टेकत उठल्या. टपालपेटी दोनदा मोडली हे त्यांनी आधी सांगून घेतलं, आणि मग हॅरॉल्डची चार वर्षं सांगितली. त्यांच्यामागून दूधवाला गिलमन उठला. मुलगी जन्माला आली त्या दिवशी आमची वाट तीनदा काढलीस, म्हणाला, आणि लगेच बसला. मग आणखी कोणी, आणखी कोणी. सगळे खाली मान घालून, तक्रारीच्याच सुरात.

मर्टन जमिनीकडे बघत होता. बोलणी संपली तेव्हा त्याने टोपी काढली.

"आयडाला सोळा मेला ठेवणार आहे," तो म्हणाला. "सकाळी दहाला. ज्याला यायचं असेल त्याने यावं."

मग तो पहिल्यांदाच आत येऊन बाकावर बसला. अध्यक्षांनी त्याचं नाव पुन्हा पुकारलं. या वेळी तो नको म्हणाला नाही.

सोळा मेला त्याने चर्चमधून बारा खुर्च्या आणून मांडल्या होत्या. साडेनऊलाच त्या भरल्या. त्यानंतर आलेले गवतात उभे राहिले, मग कुंपणाबाहेर. गाड्यांची रांग पार पुलापर्यंत गेली होती. पाद्रीबाईंनी पुस्तक उघडलं, तेवढ्यात रस्त्यावरून थेल्माबाई येताना दिसल्या. पुलापासून चालत आल्या होत्या. सगळे थांबले. त्या धापा टाकत थेट मर्टनसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"गाड्यांना जागा ठेवली नाहीस."

"एवढे लोक येतील असं मला वाटलं नव्हतं," मर्टन म्हणाला.

"तुला काय वाटतं ते कोणी विचारलंय?" थेल्माबाई म्हणाल्या. मग त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला काठीने उठवून त्या तिथे बसल्या आणि मर्टनचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.