अक्काचं काळीज

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मागच्या दारी कोंबडी साफ करत बसले होते. हात भरलेले, म्हणून मुलीने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे अक्काचा राजू नुसता रडत होता... ती कोंबडी मग शिजली नाही.

अक्का माझी थोरली जाऊ. लग्न होऊन मी कशेळ्याजवळच्या या घरी आले तेव्हा मला मटणाच्या वासानेही मळमळायचं. अक्काने शेजारी बसवून कोंबडी कापायला शिकवली. "ही फुप्फुसं, यांनी दम घ्यायचा. ही आतडी. आन हे काळीज. त्याला चिकटलेलं पित्त फोडू नको, सगळं कडू व्हईल." मी म्हटलं, "काळीज म्हणजे हृदय ना? धडधडतं ते?" चौथीपर्यंत मी तसंच शिकले होते. ती हसली, "तुज्या बाईंनी कदी कोंबडी कापलीवती का गं?" माझ्या अंगात रक्त कमी, म्हणून काळीज दरवेळी माझ्याच ताटात यायचं. भावोजी चिडवायचे, "नवऱ्याला सोडून जावेला काळीज देते ही." अक्का म्हणायची, "तुमाला कशाला? तुमी तर माजंच खाताय रोज!"

मागच्या वर्षी राजूला रसायनीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो बायकोला घेऊन तिकडेच राहायला गेला. पुढे अक्का मधूनच म्हणायला लागली, "काळजात दुखतंय गं." आम्हाला वाटलं, लेक लांब गेला, दुखणारच. शेवटी भावोजींनी तिला जीपने कर्जतला नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तर अक्का लाजून पदरच सारखा करत राहिली. भावोजी बोलले, "हार्टमदी दुखतंय हिच्या." छातीला वायरी लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. ती चांगली आली. बाहेर येऊन भावोजी म्हणाले, "काळीज ठणठणीत हाय तुजं. आता पोराच्या नावानं रडू नको." अक्काचा चेहरा असा खुलला! "मला वाटलं व्हतं, आत कायतरी सडलंय," म्हणाली. स्टँडवर तिने हौसेने वडापाव खाल्ला.

त्यानंतर तिने दुखण्याचं नाव काढलं नाही. काळीज चांगलं आहे म्हटल्यावर ती तरी काय सांगणार... जेवण तुटलं, पाय सुजले. डोळे पिवळे झाले तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. "यकृत खराब झालंय, फार उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. भावोजींनी विचारलं, "यकृत म्हंजी?" डॉक्टरांनी तिच्या उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. अक्का पडल्या पडल्या पुटपुटली, "काळीज... तेच तर मी सांगत व्हते."

 

गेल्या रविवारी घरात पुन्हा कोंबडी आली. पित्त न फोडता मी काळीज काढलं, शिजल्यावर वाटीत वेगळं ठेवलं. मुलगी म्हणाली, "खा ना आई, थंड होतंय." खाववलं नाही. अक्का ओट्याशी उभी राहून दुखतंय म्हणायची, तेव्हा तिचा हात कुठे असायचा ते आता सारखं दिसतं. उजव्या बरगडीखाली. डावीकडे तो कधी गेलाच नव्हता.