परत द्यायची आसनं

आसनावरची चादर उचलली तर खाली प्लास्टिक तसंच... कंपनीची चिकटपट्टीसुद्धा कुणी फाडलेली नव्हती.

परवाची सकाळ, निपाणीतलं आमचं घर. मी फक्त एक फोटो काढायला आले होते. प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर आसनावर बसून विड्या वळणारी बाई हवी होती.

मी बेळगावात एमबीए करते. शेवटच्या वर्षी काही टीम्सना परदेशातल्या कंपन्यांचं सल्लागाराचं काम मिळतं. आमच्या वाट्याला नेदरलँड्समधली एक छोटी कंपनी आली. जमिनीवर बसून काम करणाऱ्यांसाठी ती पाठ टेकायचं बुटकं आसन बनवते, पुढे सामान ठेवायला ट्रे. भारतात हे चालेल का, एवढाच त्यांचा प्रश्न.

नमुना म्हणून सहा आसनं आली. विड्या वळणाऱ्या बायका मी बघते म्हणाले. सहाही जणी आमच्या गल्लीतल्या, आणि पहिली माझी आई... हे फक्त टीममधल्या सुषमाला माहीत होतं. बाकी सगळीकडे आई म्हणजे 'उत्तरदाती क्रमांक एक'. का, ते मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

दहा दिवसांचे तक्ते कधीच भरून आले होते. आसन रोज वापरलं, पाठदुखी कमी झाली, सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. सुषमानं त्यांचा हिरवा चार्ट केला होता. त्यावर कंपनी पुढचं ठरवणार होती. कॉल त्याच दिवशी दुपारी साडेचारला.

आई आसनाच्या शेजारी जमिनीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर सूप, हातात कात्री, पानं कातरणं चालू. मी विचारलं, एकदाही बसली नाहीस?

"परत द्यायचंय म्हणालतीस न्हवं? तंबाखूचा वास लागला की जातोय व्हय गं? लोकाची वस्तू."

मग तक्ता कसा भरला?

"तुझं मार्क हायत म्हणं त्यात," आई म्हणाली. मान वर केली नाही.

मी उरलेल्या पाचही घरी गेले. कुठे आसन कपाटावर, कुठे देवाच्या फळीखाली. मालूआक्कानं उंदरांच्या भीतीनं माळ्यावर टाकलेलं, पण मध्ये एकदा खाली काढलं होतं, जावई आला म्हणून. सहांतल्या एका आसनावर माणूस बसलं होतं, ते हे. मालूआक्का म्हणाली, "जावयानं चांगलं हाय म्हटलंय. त्येचं लिव्ह की."

मला राग आला... बसस्टँडवर पोचेपर्यंत टिकला. मग आठवलं, आसनं देताना प्रत्येक दारात मीच बजावलं होतं, नीट ठेवा, परत पाठवायचीत. कंपनीनं तसं म्हटलं नव्हतं. परदेशातून आलेली वस्तू, काही झालं तर आपल्यावर येईल, ही माझीच भीती. ती मी सहा घरांत वाटून आले होते.

बसमधून सुषमाला फोन केला. सुषमा कंग्राळीची. मुलगी परदेशी कंपनीचं काम करते, हे तिच्या आप्पांनी गावात एकालाही सांगायचं ठेवलं नव्हतं.  सगळं ऐकून ती म्हणाली, आज तू गेली नसतीस तर आपल्याला कळलंच नसतं.

मलाही तेच वाटत होतं. फोटो नाही मिळाला म्हणायचं, संपलं. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली... खिडकीबाहेर बघत होते, दिसत काही नव्हतं.

शेवटी तिचाच फोन आला, "चार्ट लई चांगला झालता गं." म्हणजे तिनं तो प्रेझेंटेशनमधून काढून टाकला होता.

साडेचारला स्क्रीनवर तिकडची एक बाई आणि दोन पुरुष, इकडे आम्ही आणि गाइड मॅडम. पाठ केलेलं इंग्रजी एका वाक्यात संपलं. तक्ते खोटे आहेत म्हणून सांगितलं. त्या बाईनं शांतपणे विचारलं, हे इतक्या खात्रीनं कसं सांगता?

प्लास्टिकचं सांगता आलं असतं. पण तोंडातून दुसरंच गेलं... क्रमांक एक माझी आई आहे. तिनं ते माझ्यासाठी भरलं.

मॅडम वहीकडे बघत होत्या. मग त्या बाईनं विचारलं, आसनं परत द्यायची आहेत असं त्यांना कुणी सांगितलं? मी म्हणाले, मी. तिनं काहीतरी लिहून घेतलं. आसनं आम्हाला परत नकोतच, म्हणाली. त्या बायकांचीच आहेत. महिनाभर थांबू, मग पुन्हा विचारा.

बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या की मार्कांचं आत्ता काही सांगता येणार नाही. ते अजूनही माहीत नाही.

संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, प्लास्टिक फाड, ते तुझंच आहे. तिनं दोनदा विचारलं, लेखी दिलंय का? मग कंपनीचा आलेला मेल वाचून दाखवला, मराठीत करून. आई "बरं" म्हणाली.

आमच्यासाठी तिनं कायकाय न वापरता जपून ठेवलं असेल, ते मी कधी विचारलं नव्हतं...

काल सकाळी आठला तिचा फोन आला. "बसलीया आत्ता. पाठीला बरं वाटतंय. पन ट्रे उंच हाय, हात अवघडतोय. मांडीवरच्या सुपाची सर न्हाय त्याला. लिव्ह."

मी लिहून घेतलं.