वाणात दिलेला मसाला

दुबईतल्या खाण्यापिण्याच्या धंद्यांना परवाने देणाऱ्या सरकारी खात्यात मी नोकरी करते. तिथला नियम असा की आमचा किंवा घरच्या कुणाचा अशा धंद्यात हिस्सा नको. नियम मला पटतो. एका सहकाऱ्याच्या भावाची बेकरी निघाली तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

मग नवऱ्याची नोकरी गेली. कितीतरी महिने तो अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर नुसता बसून असायचा. शेवटी रास अल खोरला एका मित्राच्या गोदामात त्याने गोडा मसाला करायला घेतला. पहाटे उठून जायचा, दगडफुलाचा वास अंगावर घेऊन यायचा, चक्क गुणगुणायचा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी ऑफिसकडे अपवाद म्हणून रीतसर परवानगी मागितली आणि त्याला बजावलं, उत्तर येईपर्यंत एक पाकीटही विकायचं नाही.

त्याने विकलं नाहीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणून ठेवल्या होत्या. ऐन वेळी पाहते तर प्रत्येक वाटीत मसाल्याचं एकेक पाकीट, वर छापील लेबल. मी डोळे वटारले, तर म्हणाला, "अगं, वाण म्हणजे काय विक्री आहे का?" बायका वास घेऊन वाखाणत होत्या. त्यांत ऑफिसातल्या आमच्या सरांची बायकोही होती. कुठे मिळतो हो, असं तिने विचारलं, आणि हा पठ्ठ्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणतो, माझाच आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याचा सज्जन माणूस, आवाजही चढवला नाही. म्हणाले, परवानगीसाठी मी स्वतः शब्द टाकणार होतो. पण निर्णय व्हायच्या आत माल वाटलात, आता वरचे ऐकणार नाहीत. "नोकरी किंवा मसाला. एक काहीतरी ठरवा."

ठरवायचं काय, कपाळ! मी, नवरा, मुलगी, तिघांचे व्हिसा माझ्या नोकरीवर. मला संताप आला, नवऱ्याचा, सरांचा, त्या वाट्यांचासुद्धा. फक्त नियमाला नावं ठेवता येईनात.

रात्री जेवताना मी सांगितलं. मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "सो बाबा हॅज टु स्टॉप बिकॉज ऑफ युअर जॉब?" मी हो म्हटलं. नवरा हसला, खलास म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

गोदामातलं सामान मित्राने ठेवून घेतलं. आता मी ऑफिसला निघते तेव्हा नवरा पांघरुणात असतो. जागा असतो, मला कळतं. तरी मी पाय न वाजवता निघते आणि दार हळूच ओढून घेते.