पायरीवरचा चहा

लागोपाठ पाचवा सामना हरलो आणि बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेच्या पायऱ्यांवर आम्हा चाहत्यांची चर्चा तापली. "अविनाशला दुसऱ्या क्लबला देऊन टाका, बदल्यात दोन उंच पोरं घ्या," कुणीतरी म्हणालं. मी त्याच्याही पुढे गेलो. "घेतंय कोण? गुडघे गेलेत त्याचे!" बाजारात बैलाचे दात बघून बोलतात, तसा बोललो. जिंकत होता तोवर याच पायरीवर मी 'आपला अविनाश' म्हणून नाचलो होतो. माणूस आपला असतो, तो एवढ्यापुरताच?

बोलता बोलता सवयीने कप मागे धरला. मागच्या पायरीवर अविनाशचे वडील थर्मास घेऊन बसले होते. प्रत्येक सामन्याला ते आम्हा सगळ्यांसाठी घरून चहा आणतात. त्यांनी माझा कप काठोकाठ भरला. म्हणाले, "सावकाश घ्या, गरम आहे."

चहा निवला, तरी कप ओठाला लावायचं धाडस झालं नाही.