खळगी नसलेली डाळ

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आई गेली आणि इंझोरीच्या घरात बाबांचं माझ्या भावाशी पटेना. शिरपूरला गावकऱ्यांनी एकट्या म्हाताऱ्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या, तिथे ते राहायला गेले. भाडं नव्हतं, पण ज्वारी, डाळ आणि वरखर्च घरच्यांनी पाठवायचा. नाही पाठवला तर खोली सोडायची. "पाठवतो ना," म्हणत भावानं मान डोलावली. त्याच्या मानेवर माझा लहानपणापासून विश्वास नाही.

दुसऱ्याच महिन्यात व्यवस्थापकाचा मला मेडशीला, सासरी निरोप आला. काहीच पोचलं नव्हतं. मग मीच सगळं पाठवू लागले, भावाच्या नावानं. कारण बाबा मुलीच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. जेवावंच लागलं तर हातावर पैसा ठेवल्याशिवाय उठत नसत. त्यांना कळलं असतं तर तिथल्या तिथे वळकटी बांधली असती, आणि जायला दुसरी जागा नव्हती.

तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय. व्यवस्थापक हसला की वाटे, यानंच सांगितलं. बाबा गप्प बसले की वाटे, कळलं.

एकदा गेले तर ते डाळ निवडत बसलेले.

"पाह्य वं माय. आपल्या घरी तूर भिजवून भरडतेत, मंग डाळीले मधात खळगी पडते. हिले खळगीच नाई."

मी वाकून डाळ पाहिली. आमच्या सासरी तूर तेल लावून भरडतात. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"वहिनीनं यंदा तेल लावलं असन," मी ठोकून दिलं.

"असन. शिजते मात्र लवकर."

ते दोऱ्या वळून विकत. त्यातला एक रुपया निघताना नेहमी माझ्या हातावर ठेवत. चोळीबांगडीचा म्हणून मी घेत आले होते. त्या दिवशी मात्र खोटं बोलल्यावर तो घेववेना, हात मागे घेतला.

"राहू द्या ना बाबा. मले कायले?"

"ठेव. पोरीच्या घरचं फुकट खात नाई म्या."

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. म्हणजे पहिल्या रुपयापासून त्यांना ठाऊक होतं. पुढच्या महिन्यातही डाळ मी भावाच्याच नावानं पाठवली, तेल लावूनच.