आधी जुने नाव खरवडा

चहाचा कप समोर आला, की मॅडम तो लगेच ओठांना लावत नसत. कप टेबलावरच ठेवून त्या उजवा तळहात त्याच्यावरून स्वतःकडे हलवत, वाफेला जवळ बोलवावे तशा, आणि मगच घोट घेत. "नाक भांड्यापाशी न्यायचं नाही. वास आपल्याकडे बोलवायचा," हा त्यांचा आठवीच्या वर्गाला पहिला धडा. शिक्षक-खोलीत तो आम्हाला रोज पाहायला मिळे.

"मॅडम, चहात काय ॲसिड हाय का?" आमचे खेळाचे सर विचारत.

"असेलही. तुम्ही आधी प्या, मग मी घेते."

मेडशीकडच्या रस्त्यावर असलेल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी मराठी. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक कपाट आणि वाचनालयातून आलेली दोन लांब टेबले. आत येताना वेण्या बांधलेल्या हव्यात, ओढणीला गाठ हवी आणि हात पाठीमागे हवेत. "डोळे पुढे, हात मागे," असे म्हणून त्या दारातच उभ्या राहत.

काचेच्या बाटल्या विकत घेण्याची ऐपत शाळेची नव्हती, म्हणून मुले घरून रिकाम्या बाटल्या आणत: लोणच्याच्या, सरबताच्या, खोकल्याच्या औषधाच्या. या बाटल्यांचे मॅडम काय करीत, ते नीट पाहण्यासारखे होते. बाटली कितीही स्वच्छ असली तरी ती आधी बादलीत भिजत पडे. मग मुले नखांनी आणि पट्टीने तिच्यावरचा जुना कागद काढत. डिंकाचा चिकटपणा बोटाला लागेनासा झाल्यावरच त्या बाटलीत काही भरायची परवानगी मिळे. भरण्यापूर्वी नवे नाव लिहायचे. भरल्यावर नव्हे, भरण्यापूर्वी.

"आधी जुनं नाव खरवडा," हे त्यांचे पालुपद होते. मुलांनी एकदा गंमत म्हणून खेळाच्या सरांच्या पाठीवर 'सर' अशी चिठ्ठी चिकटवली. सर तावातावाने तक्रार घेऊन आले. मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे. पण खाली तारीख नाही."

प्रयोग कसा रचायचा, हे त्या सोयाबीनच्या दोन कुंड्यांवरून शिकवत. एक कुंडी उन्हात, एक सावलीत. माती, पाणी, बी अगदी सारखे. एका मुलीने उन्हातल्या रोपाला हळूच जास्तीचे पाणी घातले.

"आता हे रोप कशानं वाढलं? उन्हानं, की तुझ्या मायेनं?"

"दोन्हीनं, मॅडम."

"मग प्रयोग बाद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

आता एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. आमच्या भागात पिकावर फवारायच्या विषाला सगळेच 'औषध' म्हणतात. एका मुलाला गैरहजेरीचे कारण विचारले, तेव्हा तो सरळपणे म्हणाला, "बा औषध मारून राह्यले वावरात. मी पानी देत होतो."

"कोण आजारी आहे?" मॅडमनी विचारले.

"कोनी नाई. सोयाबीनवर अळी आली."

"त्यानं अळी बरी होते?"

वर्ग हसला. "मरते, मॅडम."

"ज्यानं मरतं, त्याला काय म्हणतात?"

"विष."

"मग विष म्हण. घरी जाऊन बाबांनाही सांग."

मी भाषेचा शिक्षक. मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटले, की एकदा रूढ झालेला शब्द कोणाच्या सांगण्यावरून बदलत नाही. लोक अर्थ संदर्भावरून ओळखतात. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि संदर्भ सारखाच असला तर, सर?"

त्याचा उलगडा त्यांनीच पुढे केला. एका दुपारी एसटीची वाट पाहत आम्ही फाट्यावर उभे होतो. वर्गात एखादा नियम समजावावा, त्याच स्वरात त्या बोलत होत्या. त्या वाशीमला कॉलेजात शिकत होत्या, तेव्हाची गोष्ट. घर किन्हीराजाकडे. वडिलांनी शेजाऱ्याकडून फवारणीचे थोडेसे विष मागून आणले. आणायला बाटली हवी, म्हणून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली नेली. आणून कोनाड्यात ठेवली आणि घरात सांगितले, "औषध कोनाड्यात हाय." ते शेतात गेले. आईला खोकल्याची उबळ आली. तिने धाकट्या मुलीला हाक मारली, "औषध दे वं, बाई." मुलगी सातवीत होती. तिने बाटली आणली, वरचे नाव वाचले, झाकणभर ओतले आणि आईच्या हातात दिले.

"घरात कोणीही खोटं बोललं नव्हतं, सर," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात एसटी आली.

ती धाकटी बहीण मॅडमजवळच राहत असे. तिने लग्न केले नव्हते. मी त्यांच्या घरी जाई तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ती पाण्याचा पेला पाहुण्याच्या हातात कधी देत नसे. स्टुलावर ठेवी आणि मागे सरे. तो आपला आपण उचलायचा. आईला आपण मारले, ही तिची खात्री होती. ती खात्री चुकीची आहे, हे सिद्ध करणे, एवढेच मॅडमना आयुष्यात करायचे होते. दोष हाताचा नाही, नावाचा आहे, असे त्यांचे गृहीतक होते. आणि गृहीतक तपासायचे असते.

म्हणून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी एक प्रयोग मांडला. खोकल्याच्या औषधाच्या दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत सारखेच रंगीत पाणी. एकीत विष आहे असे धरायचे. ती कोणती, ते फक्त मॅडमना ठाऊक. पाचवीतली मुले एकेक करून येत. त्यांना सांगितले जाई, "आजीला खोकला आलाय, औषध आण." मुले हाताला लागेल ती बाटली आणत. मग विषाची धरलेल्या बाटलीवरचे जुने नाव खरवडले, तेथे 'विष' असे लिहिले आणि पुन्हा मुले पाठवली. त्या बाटलीला कोणीही हात लावला नाही. एकच गोष्ट बदलली होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

बहिणीला मॅडमनी मुद्दाम आणून पुढच्या बाकावर बसवले होते. टाळ्या थांबल्यावर मॅडम तिच्याजवळ गेल्या. "पाह्यलं ना? कोनाच्याबी हातून झालं असतं."

बहिणीने बाटल्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "ताई, या लेकरायनं वास नाई घेतला. मी घेतला होता. लय उग्र येत होता. पन औषधाले वास राह्यतेच, असं वाटलं मले."

मॅडमच्या हातात फळा पुसायचे फडके होते. त्याची त्यांनी नीट घडी केली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझा प्रयोग अपुरा आहे." चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याशी त्या याच शब्दांत बोलत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या प्रयोगाचा तक्ता भिंतीवरून उतरवला.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी उघडून पाहिले, पुन्हा शिवले आणि घरी न्यायला सांगितले. दुखणे थांबवण्यासाठी एक पातळ औषध तेवढे लिहून दिले. ते द्यायला शेजारच्या नर्सबाई यायला तयार होत्या. मॅडमनी त्यांना नको म्हटले. भावाच्या सुनेलाही नको म्हटले. मी भेटायला गेलो होतो, त्या दिवशी दुखणे वाढलेले होते; चादर मुठीत धरून त्या पडल्या होत्या. त्यांनी बहिणीकडे पाहिले.

"औषध दे वं, बाई."

आईचेच हे शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरलेले मी त्यापूर्वी ऐकले नव्हते. बहीण दारातच थिजली. "ताई, मले नोको सांगू."

"हात तोच, शब्द तोच. आजारी मानूस तेवढं बदललं." मॅडम धापा टाकत होत्या. "नाव वाच. वास बोलाव. दे."

बहिणीने नाव मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले. बाटली लांब धरून तळहाताने वास बोलावला. मग झाकण भरून ते मॅडमच्या हातात दिले. मॅडमनी ते पिऊन टाकले आणि डोळे मिटण्यापूर्वी मला म्हणाल्या, "नोंद घ्या, सर."

पण प्रयोग पुरा होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. त्याच आठवड्यात त्या गेल्या. विहारासमोर त्रिसरण-पंचशील झाले, मुले हात पाठीमागे धरून रांगेत उभी राहिली.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. बहिणीने पाणी आणले, पेला स्टुलावर ठेवला आणि ती मागे सरली. मग भिंतीकडे पाहत तिने विचारले, "मी देल्लं त्याच्यानं तं नाई ना गेली ताई?"

"नाही," मी म्हणालो. डॉक्टरांनी काय सांगितले होते, गाठ कोठे होती आणि ती कोठवर पसरली होती, ते मी मॅडमच्या पद्धतीने, क्रमाने, काही न गाळता सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. तिला पटले की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

जरा वेळाने ती पुढे आली. तिने स्टुलावरचा पेला उचलला आणि तळहात त्याच्यावरून स्वतःकडे हलवला.

"पानी हाये," ती म्हणाली आणि पेला माझ्यापुढे धरला.